मान हलली, सौदा झाला

घाऊक भाजीबाजारात त्यांना खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे भोंगाकाका म्हणत. लिलावाच्या कट्ट्यावर उभं राहून माल पुकारायचा हे त्यांचं काम, आणि आवाज असा की कांद्याच्या थप्प्या, ट्रकांची इंजिनं, हमालांच्या शिव्या या सगळ्यांच्या डोक्यावरून सरळ पलीकडच्या गल्लीत उतरायचा. तिथला न्हावी रोज सकाळी गिऱ्हाइकाच्या गालावर टेकवलेला वस्तरा उचलायचा आणि म्हणायचा, "थांबा, भोंगा सुरू झालाय. पहिला धक्का ओसरू दे, मग दाढी करतो."

लिलावात बोलतो तो एकटा पुकारणारा. व्यापारी तोंड उघडत नाहीत. कोणी बोट वर करतो, कोणी कानाची पाळी ओढतो, कोणी नुसती भुवई उचलतो. मुरलेले व्यापारी तर मान इतकी कमी हलवतात की शेजारच्यालाही पत्ता लागू नये. भोंगाकाकांना लागायचा. समोरच्या गर्दीतलं एक पान हललं तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मग एकदा, दोनदा, तीनदा, आणि डाव्या तळहातावर उजवा हात आपटला की सौदा झाला. त्यानंतर कोणी म्हणालं की अहो मी बोली दिलीच नाही, मी तर माशी हाकलत होतो, तरी माल त्याच्या गळ्यात. एका व्यापाऱ्याचं खरंच तसं झालं होतं. गाडीभर टोमॅटो घेऊन बिचारा घरी गेला. तेव्हापासून बाजार त्याला माशीवाला म्हणायला लागला.

या धंद्यात भोंगाकाकांचं आयुष्य गेलं. प्रश्न विचारायचे ते ओरडून आणि उत्तरं घ्यायची ती डोळ्यांनी. कानाला काम असं फारसं पडलंच नाही.

घरातही तीच रीत. दोन खोल्यांचं घर, पण पाणी मागायचं तर नदीपलीकडच्या माणसाला साद घातल्यासारखं. काकूही कमी नव्हत्या. लग्नानंतर पहिली काही वर्षं त्या हळू बोलून बघत होत्या, नवऱ्याला ऐकूच जात नाही हे कळल्यावर त्यांनीही आवाज लावला. शेजारची म्हातारी म्हणायची, "तुमच्या भाजीत मीठ कमी पडलंय हे तुमच्या आधी मला कळतं." त्यानंतर त्या घरात हळू आवाजात बोलणं झालं होतं ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा कोणीतरी वारलं होतं.

एकुलता एक मुलगा मात्र कोणावर गेला होता देव जाणे. तो बाजारातच, वजनकाट्यावर बसायचा. गोणी चढव, वजन घे, गोणी उतरव. दिवसभरात तोंडातून शब्द निघाले तर निघाले. हमाल त्याला मौनीबाबा म्हणत. काटा रिकामा असला की हा फडकं घेऊन त्याच्या पोटात डोकं घालून बसायचा. सांध्यात अडकलेली माती काढायची, तेलाचा थेंब सोडायचा, रिकामा काटा शून्यावर येऊन थांबेपर्यंत बघत राहायचं. "काट्याशी बोलतोय," असं हमाल म्हणायचे.

भोंगाकाकांचे वडील याच बाजारात हमाल होते. पाठीवर गोणी घेऊन ते कट्ट्याखालून जायचे, वर काय चाललंय हे त्यांना मान वाकवल्यामुळे कधी दिसलंच नाही. त्यांचा मुलगा त्या कट्ट्यावर चढला. आता नातवानं तिथून खाली उतरायचं नाही, एवढी एकच गोष्ट भोंगाकाकांना आयुष्यात हवी होती. दुसरं काही त्यांनी कधी कोणाकडे मागितलं नाही.

एका सकाळी माल संपल्यावर, लोक पांगायच्या आत, त्यांनी कट्ट्यावरूनच काट्याकडे बोट केलं. "माझ्यानंतर हा कट्टा तुझा. काय?"

मुलानं वर पाहिलं. मान हलवली.

"एकदा," भोंगाकाका गरजले. "दोनदा. तीनदा." हात आपटला. हमालांनी टाळ्या वाजवल्या, पेढीच्या मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला. सौदा झाला.

*

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत तोच भोंगाकाकांचा आवाज बसायला लागला. आधी दुपारी बसायचा, मग सकाळीच. काकूंनी हळद-दूध दिलं, न्हाव्यानं लवंग चघळायला सांगितली, एका ट्रकवाल्यानं जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी एका सकाळी कोबीचा ढीग पुकारायला तोंड उघडलं आणि बाहेर नुसती हवा आली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं. गळ्यातल्या स्वरपट्ट्यांवर दोन बारक्या गाठी निघाल्या. गाठ म्हटल्यावर काकूंनी स्टुलाची कड धरली. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, त्यातली नाही. हमालाच्या तळहाताला घट्टे पडतात ना, तसे यांच्या आवाजाला पडलेत. पण आता ओरडत राहिले तर आवाज कायमचा जाईल. काही आठवडे पूर्ण मौन. मग आवाजाच्या बाईंकडे जा, त्या बोलायला शिकवतील."

"बोलायला?" काकू म्हणाल्या. "यांना?"

भोंगाकाका मौनात गेले आणि मुलगा कट्ट्यावर गेला. आधीच ठरलेलं होतं, त्याला कोणी वेगळं विचारलं नाही.

आवाजाच्या बाई म्हणजे दवाखान्याच्या मागच्या बाजूला एका लहान खोलीत बसणारी, त्यांच्या मुलाच्याच वयाची मुलगी. खोलीत दोन खुर्च्या, एक आरसा, पाण्याचा तांब्या आणि खिडकीबाहेर दवाखान्याच्या चादरी वाळत घातलेल्या. तिनं त्यांना छातीवर हात ठेवून हुंकार द्यायला लावला, ओठ फुरफुरवायला लावले. भोंगाकाकांना आरशात आपण पाणी पिणाऱ्या घोड्यासारखे दिसलो. मग तिनं काय करायचं नाही ते सांगायला घेतलं.

"शाउट बंद. ओरडणं. ते तुम्हाला माहीतच आहे. आणि व्हिस्परही बंद."

"म्हणजे?" भोंगाकाकांनी नुसत्या ओठांनी विचारलं.

"आत्ता केलंत ते. कुजबुज. कुजबुजताना गळा पिळला जातो, ओल्या कपड्यासारखा. त्यापेक्षा साधा, खालच्या पट्टीतला आवाज लावा."

भोंगाकाकांनी आवाज लावला. तो त्यांना परका वाटला, दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखा. "इंग्रजीत मी शाळेत नापास होतो, ताई. गळ्यासाठी आता पास व्हायचं का?"

ती हसली. "मी हे सगळं शिकले ते इंग्रजीतून, काका. माझ्या डोक्यातल्या कपाटात बाटल्या त्याच नावांनी लावलेल्या आहेत. नावं बदलली की मलाच सापडत नाहीत. फार नाहीत, चारच उरल्यात. से, टेल, स्पीक, टॉक."

"चारही म्हणजे बोलणंच की. एकाच बटाट्याला चार भाव लावता."

"बटाटे वेगळे आहेत. बघा. से म्हणजे म्हणणं. तोंडातून शब्द सुटले, काम झालं. कोणी ऐकोत न ऐकोत. टेल म्हणजे सांगणं. त्याला समोर माणूस लागतो. भिंतीला काही सांगता येत नाही."

"आमची ही रोज भिंतीलाच सांगते."

"ती भिंत कोण ते मी काकूंना विचारीन," ती म्हणाली. "स्पीक म्हणजे बोलणं, पण एकाचं. सभेत एक जण उभा राहतो, बाकीचे बसतात, तसलं. आणि टॉक म्हणजे..." ती शब्दासाठी थांबली. "तेही बोलणंच, पण बोलत बसतो ना आपण, ते. तुमचं एक, समोरच्याचं एक. तुमच्या गळ्याला त्यातच सगळ्यात आराम. समोरचा बोलतो तेवढा वेळ तुमच्या स्वरपट्ट्या निवांत पडून राहतात. म्हणून तुमच्यासाठी औषध म्हणजे टॉक. दिवसात किती करता?"

भोंगाकाकांनी डोळे मिटून आपला दिवस चाळला. कट्टा, तो तर शाउट. घर, तेही तेच. मालकांना भाव कळवायचा, ते टेल म्हणू. देवाचं नाव घ्यायचं, ते से. "व्यापाऱ्यांशी करतो की टॉक. सकाळभर."

"ते उत्तर देतात?"

"देतात. बोट वर करतात."

बाईंनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला त्यांच्याकडे सरकवला. "प्या," म्हणाल्या. "घसा कोरडा ठेवू नका."

*

घरी आल्यावर त्यांनी नवा आवाज वापरून पाहिला. काकू ओट्यापाशी कणीक मळत होत्या. ते दारात उभे राहिले आणि हळू म्हणाले, "अगं, थोडा चहा टाकतेस?"

काकूंचे हात कणकेतच थांबले. वळून त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तशाच खाली बसल्या. "कोण गेलं?"

"कोणी नाही. चहा."

"खरं सांगा. डॉक्टर काय म्हणाले? त्यातलीच निघाली ना गाठ? मला आधीच वाटत होतं."

"अगं, चहा म्हणतोय मी."

"इतक्या गोड आवाजात चहा मागितलात कधी तुम्ही? माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली." डोळ्यांत पाणी आणि हाताला कणीक, त्यामुळे पुसता येईना. शेवटी भोंगाकाकांनी स्वतः चहा टाकला. तो प्यायल्यावर मात्र काकूंची खात्री पटली की नवरा जगणार आहे, कारण मरणारा माणूस इतकी साखर घालत नाही, असं त्यांनी नंतर शेजारच्या म्हातारीला सांगितलं. म्हातारीला मात्र या खेपेला आधी काही ऐकू आलं नव्हतं. तिला ते लागलं.

काकूंशी टॉक करायचा प्रयत्नही झाला. पण काकूंनी एकदा सूत धरलं की भावाच्या बायकोपासून नळाच्या पाण्यापर्यंत कुठे थांबा नसे. भोंगाकाका आपली पाळी यायची वाट बघत बसले. जेवणं झाली, भांडी झाली, पाळी आली नाही. त्यांच्या मनात आलं, ही इतकी वर्षं अशीच वाट बघत बसली असेल का? मग ते कान देऊन ऐकायला लागले.

मुलगा त्या दिवसांत घरी यायचा, जेवायचा आणि झोपायचा. "कसं चाललंय?" विचारलं की मान हलवायचा. भोंगाकाकांना बरं वाटायचं.

डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिल्यावर ते एका सकाळी बाजारात गेले. चहाच्या टपरीपाशी खांबाला टेकून उभे राहिले. आपला कट्टा खालून त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यावर मुलगा उभा होता. अंगानं चांगला भरलेला, पण त्या उंचीवर उगाच कोणीतरी आणून ठेवल्यासारखा. उजव्या हाताच्या चिमटीत पँटची शिवण धरून तो फ्लॉवर पुकारत होता आणि आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोहोचून तिथेच बसकण मारत होता.

"मौनीबाबा, जरा मोठ्यानं," कोणीतरी म्हणालं. "आमची झोप मोडू दे."

"अरे तो मनात पुकारतोय. मनकवडे असाल तर घ्या माल."

हशा झाला. मुलगाही कसनुसा हसला. डावीकडून एका जुन्या व्यापाऱ्यानं भुवई उचलली, ती मुलाला दिसली नाही, आणि ढीग कमी भावात दुसऱ्याला गेला. पण मुलाचं लक्ष भावाकडे नव्हतंच. काट्यावर बसवलेल्या नव्या हमालानं गोणी उचलून धाडकन काट्यावर आदळली. मुलाचा चेहरा असा झाला की आपल्याच पाठीवर कोणी आदळली असावी. लिलाव तसाच सोडून तो खाली उतरला, गोणी बाजूला घेतली, काटा शून्यावर आहे का बघितलं, खिशातलं फडकं काढलं. व्यापारी घड्याळं बघायला लागले.

पुन्हा वर चढून त्यानं पुढचा ढीग पुकारला. पुन्हा डावीकडची भुवई उचलली गेली, पुन्हा त्याला दिसली नाही.

"डावीकडे बघ!" भोंगाकाका ओरडले.

ओरडले म्हणजे तसं त्यांना वाटलं. बाहेर आला तो पत्रा फाटल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. सगळा बाजार वळून बघायला लागला. मुलानंही पाहिलं. भोंगाकाका गळा धरून खांबापाशी खाली बसले होते.

*

"आणखी एकदा असं केलंत," आवाजाच्या बाई म्हणाल्या, "तर मग तुम्हाला माझी गरज नाही. पाटी-पेन्सिल विकणाऱ्याकडे जा." पुन्हा काही दिवसांचं मौन झालं होतं आणि आता कुठे हुंकार फुटायला लागला होता. बाई खरोखरच रागावल्या होत्या. "कोणासाठी ओरडलात?"

"मुलासाठी. कट्टा त्याचा आहे आता."

"त्याला हवाय?"

"हवाय म्हणजे काय. विचारूनच दिला. चारचौघांत विचारला."

"काय म्हणाला तो?"

"मान हलवली."

खिडकीबाहेर एक बाई वाळलेल्या चादरी काढत होती, झटकत होती, घडी करत होती. भोंगाकाका तिच्याकडे बघत राहिले. आपणच पुढे काहीतरी बोलायला हवं असं त्यांना वाटलं. मान हलवणं हे त्या चार बाटल्यांपैकी कुठल्या बाटलीत बसतं, ते त्यांनी मनातल्या मनात लावून पाहिलं. कुठेच बसेना. बाजारात ते सगळ्यात पक्कं असतं, इथे त्याला जागाच नव्हती.

घरी जाताना त्यांना माशीवाला आठवला. टोमॅटोच्या ढिगापाशी तो उभा होता, कपाळावर घाम. मान हलली तेव्हा भोंगाकाकांनी ती माशी पाहिली होती. हिरवी होती, कपाळावरून उठून टोमॅटोवर बसली. पण तोवर "एकदा" तोंडातून गेलं होतं आणि एकदा म्हटल्यावर दोनदा-तीनदा आपोआप येतं. आजवर त्यांनी स्वतःला हेच सांगितलं होतं की बाजारात शब्द फिरवला तर बाजार चालायचा नाही.

ते घराकडे वळले नाहीत. बाजाराकडे वळले.

दुपारची वेळ होती. माल उठला होता, एक म्हातारी कोबीची पानं गोळा करत होती. मुलगा काट्याच्या शेडमध्ये जमिनीवर बसलेला. काट्याची वरची लोखंडी पाटी काढून त्यानं बाजूला ठेवली होती आणि आतले दांडे एकेक करून पुसत होता. भोंगाकाका रिकाम्या गोण्यांच्या घडीवर बसले. खालच्या पट्टीत म्हणाले, "बसू का जरा?"

मुलगा ताडकन उठला. "आईला काय झालं?"

"काही नाही झालं. सगळे जिवंत आहेत. मी टॉक करायला आलोय."

"काय करायला?"

"बोलत बसायला. औषध आहे ते. माझं एक, तुझं एक."

मुलगा पुन्हा खाली बसला. फडकं हातातच होतं. बापाला अशा आवाजात त्यानं कधी ऐकलं नव्हतं, आणि बापानं त्याचे हात इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. नखांत काळं तेल, पण बोटं दांड्यावरून फिरत होती ती भाजलेल्या जखमेवरून फिरावीत तशी.

"तुला कट्टा हवाय का?" भोंगाकाकांनी विचारलं.

मुलानं मान हलवली.

इतक्या वर्षांची सवय. "एकदा" हा शब्द घशापर्यंत आला, उजवा हात मांडीवरून उठला. भोंगाकाकांनी तो डाव्या हातानं धरला आणि गुडघ्यावर दाबून ठेवला. "मान दिसली मला," ते म्हणाले. "आता तोंडानं सांग. घाई नाही. नाहीतरी मला जास्त बोलायची परवानगी नाही."

मग ते थांबले. थांबणं किती जड असतं ते त्यांना माहीत नव्हतं. कट्ट्यावर दोन बोलींच्या मध्ये श्वास घेण्याइतकीही फट ते राहू देत नसत, फट राहिली की भाव पडतो. आता त्या फटीत कोबीची पानं ओढल्याचा आवाज आला, मग दूर एक ट्रक मागे घेतल्याचा. मुलानं फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली.

"बाबा," तो म्हणाला, "मान हलवली म्हणजे ऐकू आलं. एवढंच असतं माझं."

"त्या दिवशीही?"

"त्या दिवशीही. तुम्ही विचारलंत ते ऐकू आलं म्हणून हलवली. पुढे काय म्हणावं ते ठरवत होतो. तेवढ्यात तुम्ही तीनदा म्हणून मोकळे. मग टाळ्या वाजल्या, चहा आला."

"मग नंतर सांगायचंस."

"कधी?"

टोमणा नव्हता त्यात. त्यानं खरंच विचारलं होतं. भोंगाकाकांनी दिवस शोधायला घेतला, या मुलाला एक अख्खं वाक्य बोलून संपवता आलं असतं असा. बराच वेळ शोधला.

"नाही सापडत," ते म्हणाले. "तुझी पाळी."

मुलगा दांड्याकडे बघत बोलायला लागला. आधी अडखळत, मग जरा सलग. काटे तपासायला दरवर्षी एक मिस्त्री येतात, पांढऱ्या मिशांचे. त्यांचा दुसऱ्या गावात कारखाना आहे, दुरुस्तीचा. दवाखान्यांचे, सोनारांचे बारीक काटेसुद्धा येतात तिथे. त्यांनी मागच्या खेपेला याचं काम पाहिलं आणि म्हणाले, येतोस का माझ्याकडे. हे सगळं सांगताना त्याच्या आवाजाला कोणीतरी मागून हात लावल्यासारखं झालं, तो वर उचलला गेला. भोंगाकाकांना वाटलं, याला आवाज आहे की. कट्ट्यावर तो निघतच नाही.

"मग तू काय म्हणालास त्यांना?"

मुलाचे कान लाल झाले. "मान हलवली."

भोंगाकाकांना हसू आलं. आवाज न करता हसायचं म्हणून सगळं अंग हललं, डोळ्यांत पाणी आलं. "अरे गाढवा, त्यांनी काय समजायचं?"

"तेच म्हणतोय. तेव्हापासून त्यांचा निरोप नाही."

हसू ओसरलं तसं त्यांनी वर पाहिलं. शेडच्या दारातून कट्टा दिसत होता. रिकामा, चढायच्या पायरीचा कोपरा त्यांच्याच चपलांनी झिजलेला. "तुझे आजोबा त्याच्या खालून जायचे," ते म्हणाले. "वाकून."

"माहीत आहे, बाबा."

"मग त्या वाकण्याचं मी काय करू?"

मुलानं पुढचा दांडा पुसायला घेतला, आणि भोंगाकाकांनी पुन्हा विचारलं नाही.

"मला नाही माहीत," मुलगा शेवटी म्हणाला. "पण मी वर उभा असतो ना, तेव्हा मला मीच गोणीसारखा वाटतो. कोणीतरी आणून ठेवलेली."

भोंगाकाका उठले. जाताना काट्याच्या उघड्या पोटात एकदा डोकावले. आत इतकं काही असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. "त्यांना फोन कर," म्हणाले. "तोंडानं बोल."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी माल लागल्यावर मुलाच्या जागी भोंगाकाका कट्ट्यावर चढले. बाजारात बातमी पसरली की भोंगा परत आला. लोक जागच्या जागी कानावर हात ठेवायच्या तयारीत उभे राहिले. भोंगाकाकांचे ओठ हलले, मागच्यांना काहीच ऐकू आलं नाही. माणसं पुढे सरकली. मग आणखी पुढे. हमालांनी गोण्या खाली ठेवल्या. ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं. मालकही गादीवरून उठून आले.

"या कट्ट्यावर मी आजपर्यंत एकही सौदा मोडला नाही," भोंगाकाका म्हणाले. "आज मोडतोय. माझ्या मुलाच्या नावानं हा कट्टा मी पुकारला होता, तीनदा. त्यानं बोली दिलीच नव्हती. त्याची मान हलली आणि मी हात आपटला. चूक माझी. मालकांनी दुसरा माणूस बघावा."

बाजारानं आपला एवढा श्वास कधी ऐकला नसेल. मग मागून कोणीतरी खाकरलं. माशीवाला होता, आता केस पिकलेला.

"म्हणजे मान नुसती हलू शकते तर," तो म्हणाला. "मग माझ्या टोमॅटोंचं काय?"

बाजार खो-खो हसला. भोंगाकाका हसले नाहीत. ते कट्ट्यावरून उतरले, गर्दीतून त्याच्यापाशी गेले आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माशी होती. मी पाहिली होती."

माशीवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं. "ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "हिरवी होती."

कट्टा मालकांच्या मेव्हण्याला मिळाला. त्याला आवाज नाही, पण त्यानं बॅटरीवरचा कर्णा आणला. पहिल्या दिवशी त्यातून अशी शिट्टी वाजली की न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बाहेर पळालं. आता बाजारात भोंगा म्हटलं की त्या यंत्राकडे बघतात, त्यामुळे भोंगाकाकांना काय म्हणायचं असा हमालांना प्रश्न पडला. काटेकाका म्हणावं असं एकानं सुचवलं, कारण मुलाच्या जागी ते आता काट्यावर बसतात. गोणी हळू ठेवा, एवढंच म्हणतात. रिकामा काटा शून्यावर येऊन थांबेपर्यंत बघत राहतात. अधूनमधून माशीवाला येऊन शेजारी बसतो, आणि दोघं बोलत बसतात. मालकांची माणसं कट्ट्याकडे गेली की भोंगाकाका मात्र त्या झिजल्या पायरीकडे पाठ करून बसतात. तिकडे बघणं अजून जमायचं आहे.

मुलगा पांढऱ्या मिशांच्या मिस्त्रींकडे गेला. संध्याकाळी त्याचा फोन येतो. आधी काकू बोलतात, म्हणजे दुसऱ्या गावापर्यंत फोनशिवायही जाईल अशा आवाजात जेवणाची चौकशी करतात, नळाचं सांगतात, भावाच्या बायकोचं सांगतात. मग फोन नवऱ्याच्या हातात देतात.

"काय रे," भोंगाकाका हळू म्हणतात. "आज कुठला काटा उघडलास?"

आणि फोन कानाला लावून बसतात. पलीकडून काही येत नाही. काकू बघत राहतात, एका पायावरून दुसऱ्या पायावर होतात.

"लाइन गेली का हो? हॅलो म्हणा ना."

भोंगाकाका हातानंच त्यांना थांबवतात.

"नाही गेली," ते म्हणतात. "त्याची पाळी आहे."